निस्तानेबाईचा दगड

बोरखेडीच्या शाळेच्या कुंपणाला शनिवारी संध्याकाळी
एकोणतीस सायकली टेकून उभ्या, जाड टायरांच्या,
आणि तिसावी माझी,
आर्वीहून दूधगाडीत कॅनांमध्ये आडवी निजून आलेली.

बुरघाटे यादी वाचतो.
पुलगावात त्याचं हार्डवेअरचं दुकान,
माणसंही तो नटबोल्टांसारखी मोजतो,
आकारवार.
"मॅडम, खांदा कसा हाय?"
"आभाळ यायच्या आधी त्यालाच कळतं," मी म्हणते.

रात्री पऱ्हाटीच्या जाळावर हरभऱ्याचा हुळा.
दोन लाखांच्या सायकलवाल्याचं तोंड काळं,
माझंही काळं.
सोयरिकीच्या बैठकीत होत नसेल
एवढी घासाघीस टायरातल्या हवेवरून.
नागपूरचा एक पोरगा, रिद्धेश, उशिरा आलेला,
शेजारी बसून म्हणाला,
"काकू, उद्या उतरताना जपा.
मोहाच्या वळणापुढे निस्तानेबाईचा दगड लागतो."
"कोण निस्तानेबाई?"
"होती एक. दोन वर्षांपूर्वी उडाली तिथून.
कुणी म्हणतं हाड मोडलं, कुणी म्हणतं गेलीच."
"वय?"
"असेल साठ-पासष्ट."

मी एकोणपन्नास.
घाटा सोलत राहिले.
पलीकडे बुरघाट्याला ठसका लागला.

पहाटे हातमोज्यातही बोटं नाहीत असं वाटावं अशी थंडी.
पांदणीतून चढ, मग मुरूम, मग साग,
चाकाखाली वाळली पानं पापडासारखी मोडत.
धापेत कुणी बोलत नाही. तेवढाच वेळ
ही माणसं मला फार आवडतात.

माथ्यावर सोनबा उईके, खांद्यावर कुऱ्हाड.
रायमुनिया तोडून ही वाट त्यानंच मोकळी केली,
आणि त्या दिवशी त्याच्याच बाजेवर निजून
मी डांबरी सडकेपर्यंत गेले होते.
चोवीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त काचेवर बघितलं,
त्या दिवशी माझं मुरमावर,
आणि डोळे मिटताना मनात आलं ते एवढंच,
की नमुना वाया गेला.

"बाई, तो गोटा म्या दोनदा लोटून पाह्यला," सोनबा म्हणाला.
"हालत नाही.
मंग म्हटलं राहू द्या, नाव तं हाय त्याले."

उतार. दोन बोटं ब्रेकवर, बूड मागे,
गुडघे सैल ठेवायचे हे डोक्याला माहीत,
गुडघ्यांना नाही.
मोहाचं वळण आलं.
आणि तो.

एवढासा? बसलेल्या बकरीएवढा.
दोन वर्षं माझ्या झोपेत तो केवढा वाढला होता.
बुरघाटे दर मेळाव्याआधी त्याला रेड ऑक्साइडचा हात मारतो,
धोका कळावा म्हणून.
पण ते गावाला कुणी सांगितलंय?
पुढ्यात झेंडूची दोन फुलं, नारळाची शेंडी,
एक रुपया.

मी थांबले. मागून रिद्धेश.
"घाबरलात, काकू?"
"नाही रे. जागृत आहे म्हणतात."
त्यानं थट्टेत हात जोडले,
मग जरा कमी थट्टेत,
आणि डावीकडच्या गुरवाटेनं सायकल हातात धरून उतरला.

मी दहा पावलं मागे गेले.
खरं तर पंधरा. मग पुन्हा पाच.
झाडावर एक पोपट उगाच ओरडला.
पेडल मारलं तेव्हा
काही ठरवलं होतं असं म्हणवत नाही.
पुढचं चाक चढलं, क्षणभर खाली काहीच नव्हतं,
मग होतं.
खांदा कळवळला, पण जागच्या जागी.

कुणी बघितलं नाही.
खाली पोचले तेव्हा सगळे झुणका-भाकरीच्या रांगेत,
रिद्धेश दुसऱ्या कुणाला तरी
निस्तानेबाईची गोष्ट सांगत होता.
आता त्यात एक बिबट्याही आला होता.
मी कांदा मागून घेतला.

परतीला दूधवाल्या गजूनं सायकल गाडीत चढवली,
चाक फिरवून बघितलं.
"मॅडम, रक्त हाय काय हे?"
मी वाकून बघितलं,
सवयीनं, नखानं थोडं खरवडून.
"नाही," म्हटलं. "रंग."